ओटीपी दिला म्हणजे सही केली

विम्याचं बोला : वाचकांचे प्रश्न

फोनवरून किंवा सेवा केंद्रातून काढलेल्या आरोग्य विम्याबद्दल काही अडलं असेल तर लिहा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आली, त्याहून जास्त व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप आले. एका काकांनी तर पॉलिसीच्या एकेका पानाचा फोटो काढून पाठवला, त्यातले निम्मे आडवे. नावं छापत नाही, गाव तेवढं छापते. माझी नोकरी सरकारी विमा कंपनीच्या दावे विभागात झाली. त्यामुळे पॉलिसीकडे मी उलट्या बाजूनं बघते: माणूस दवाखान्यात आहे, कागद टेबलावर आहेत, आता यातलं काय टिकणार? उत्तरंही त्याच वळणाची आहेत.

प्रश्न : वडिलांची (वय ६३) पॉलिसी गावातल्या सेवा केंद्रातून ऑनलाइन काढली. त्यांना चार वर्षं शुगर आहे, गोळी चालू आहे. हे आम्ही केंद्रातल्या मुलाला तोंडी सांगितलं होतं. पॉलिसी व्हॉट्सअ‍ॅपवर आली, त्यात आजाराच्या रकान्यात ‘नाही’ आहे. तो म्हणतो, “कोण बघतंय, ‘हो’ लिहिलं असतं तर प्रीमियम वाढला असता.” पॉलिसी येऊन तीन आठवडे झालेत. काय करावं? (हुक्केरी तालुका)

उत्तर : कोण बघतं ते आधी सांगते. उद्या वडिलांना चक्कर आली आणि तुम्ही त्यांना बेळगावला आणलंत, तर कॅज्युअल्टीतला डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, “शुगर, बीपी काही?” तुम्ही म्हणणार, “हो, चार वर्षं झाली शुगरला.” तो ते केसपेपरवर लिहितो आणि डिस्चार्ज कार्डावर तेच टाइप होतं. दावा आला की आम्ही सर्वांत आधी ती ओळ शोधायचो, मग प्रस्ताव फॉर्म, म्हणजे विमा घेताना भरलेला अर्ज, उघडून शेजारी ठेवायचो. एकावर चार वर्षं, दुसऱ्यावर ‘नाही’. नाकारलेल्या कितीतरी फायलींमध्ये याच दोन कागदांपलीकडे काही नसायचं.

तुम्ही तोंडी सांगितलंत हे मला पटतं. पण ऑनलाइन व्यवहारात तोंडी बोलणं कुठेच उमटत नाही. उमटतो तो फॉर्म आणि त्यावर दिलेला ओटीपी. तो ओटीपी म्हणजे वडिलांची सही. तो कुणाच्या फोनवर आला होता ते आठवून बघा. पॉलिसीच्या पीडीएफबरोबर प्रस्ताव फॉर्मची प्रत द्यावीच लागते. ती उघडा आणि मोबाइल क्रमांक, ईमेल हे रकाने पाहा. तिथं केंद्रातल्या मुलाचा नंबर असेल तर मला नवल वाटणार नाही. दिवसभरात पंचवीस जणांचे फॉर्म भरणारा माणूस प्रत्येकाच्या ओटीपीसाठी थांबत नाही, आपलाच नंबर टाकून मोकळा होतो. मग हप्त्याची आठवण त्याला, दाव्याचा निरोप त्याला. वर्षाअखेरीला त्यानं सिम बदललं तर पॉलिसी बंद पडल्याचंही तुम्हाला कळायचं नाही.

आता उपाय. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस ‘फ्री लूक’चे असतात. पूर्वी ते १५ होते, २०२४ मध्ये वाढवले. या मुदतीत नापसंत म्हणून पॉलिसी परत करता येते. तपासणीचा खर्च, स्टॅम्प ड्यूटी आणि तेवढ्या दिवसांचा विमा वजा होऊन पैसे परत मिळतात. तुमच्याकडे आठवडाभर आहे, म्हणजे पुरेसे दिवस आहेत, पण आज बसा.

कंपनीच्या ग्राहक सेवेला तुमच्या स्वतःच्या ईमेलवरून लिहा: पॉलिसी क्रमांक अमुक, फॉर्ममध्ये मधुमेहाची माहिती चुकीची भरली गेली आहे, चार वर्षांपासून गोळी चालू आहे, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे, नोंद दुरुस्त करावी. त्याच पत्रात मोबाइल आणि ईमेल बदलून मागा. कंपनी प्रीमियम वाढवेल, शुगरला प्रतीक्षा काळ (त्या आजाराचा खर्च मिळत नाही ती सुरुवातीची मुदत) लावेल किंवा नाहीच म्हणेल. अटी पटल्या तर ठेवा. नाही पटल्या, किंवा मुदत संपत आली आणि उत्तरच नाही, तर फ्री लूकचा अर्ज टाकून मोकळे व्हा आणि दुसरीकडे खरं लिहून काढा. वय ६३ आहे म्हणून घाबरू नका, सगळ्या वयांच्या लोकांसाठी पॉलिसी ठेवणं आता कंपन्यांना भाग आहे.

त्या मुलाचा हिशेबही कच्चा आहे. आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिने लावता येतो. म्हणजे खरं लिहिलं तर तीन वर्षांनी शुगरमुळे होणारं सगळं विम्यात येतं. खोटं लिहिलं तर पहिले ६० महिने कंपनी कधीही ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारू शकते आणि पॉलिसीही रद्द करू शकते. सलग ६० महिन्यांनंतर तो मुद्दा कंपनीला काढता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर त्यालाही अपवाद आहे. थोडा प्रीमियम वाचवण्यासाठी तीन वर्षांची अट टाळून पाच वर्षांची टांगती तलवार घ्यायची, हा कुठला व्यवहार?

आणि कंपनीचा पडताळणीचा फोन आला होता का? अलीकडे बऱ्याच कंपन्यांचा डॉक्टर फोन करतो आणि ते बोलणं रेकॉर्ड होतं. आपल्याकडची वयस्कर माणसं मराठी आणि कन्नड बोलतात. पलीकडून भराभर हिंदी आलं की “हां जी, नहीं जी” करत फोन ठेवतात. “मराठीत विचारा, नाहीतर उद्या करा,” असं सांगता येतं. वडिलांना तेवढं शिकवून ठेवा.

प्रश्न : ओळखीचे एजंट आहेत. म्हणतात, “वैनी, प्रीमियम माझ्या फोन-पेवर टाका, त्यातले दोन हजार तुम्हाला परत देतो, पॉलिसी दोन-तीन दिवसांत येईल.” माणूस चांगला आहे, आमच्या बीसीतही (भिशीत) आहे. देऊ का? (निपाणी)

उत्तर : देऊ नका. माणूस चांगला असेलही, पण विमा कायदा माणसाचा स्वभाव बघत नाही, पैसे कंपनीत कधी पोचले ते बघतो. १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ६४-व्हीबी असं आहे की प्रीमियम कंपनीला मिळेपर्यंत कंपनीवर जोखीम येत नाही. एजंटानं प्रीमियम घेतलाच तर सुट्ट्या सोडून २४ तासांच्या आत आणि आपलं कमिशन न कापता तो कंपनीकडे जमा करायचा, हेही त्याच कलमात आहे. तुमचे एजंट दोन-तीन दिवस म्हणतायत. त्या दोन-तीन दिवसांत तुमच्या यजमानांचा स्कूटरवरून पडून हात मोडला, तर हातात पॉलिसी नाही आणि फोनमध्ये आहे ती फक्त एका खासगी माणसाला पैसे पाठवल्याची नोंद.

दोन हजार परत देण्याची गोष्ट तर सरळ बेकायदा आहे. कलम ४१ प्रमाणे कमिशनमधून सूट देणाराही दोषी आणि घेणारीही. हे मी शोधून काढलेलं नाही, प्रत्येक प्रस्ताव फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेलं असतं. दंड दहा लाखांपर्यंत आहे. निपाणीत कुणाला असा दंड झाल्याचं माझ्या कानावर नाही आणि एजंटही हेच सांगतील. पण उद्या तक्रार करायची वेळ आली, की “मी दोन हजार परत घेतले होते” हे तुम्हाला कुणापुढेच बोलता येणार नाही. एजंटाला ते पक्कं माहीत असतं.

पैसे भरायची रीत अशी. कंपनीच्या वेबसाइटवरून, अ‍ॅपवरून किंवा कंपनीनं तुमच्याच नंबरवर पाठवलेल्या लिंकवरून. यूपीआयचा पिन टाकण्याआधी पडद्यावर ज्याच्या नावानं पैसे जाणार ते नाव दिसतं. तिथं विमा कंपनीचं नाव पाहिजे. पाटील दिसलं, एंटरप्रायजेस दिसलं, तर मागे फिरा. ब्रोकर किंवा विम्याची तुलना करून देणारी वेबसाइट असेल तर तिथं विमा प्राधिकरणाचा, म्हणजे आयआरडीएआयचा, नोंदणी क्रमांक असतो. तो प्राधिकरणाच्या वेबसाइटवर ताडून बघता येतो. पैसे भरल्यावर पावती तुमच्या नावानं, तुमच्या नंबरवर आली पाहिजे. “पावती माझ्याकडे आहे” हे उत्तर धरू नका.

आणखी एक सोय मार्च २०२५ पासून आली आहे, तिचं नाव बिमा-अ‍ॅस्बा. शेअरच्या आयपीओला अर्ज करणाऱ्यांना ही पद्धत कळेल. प्रीमियमची रक्कम तुमच्याच खात्यात यूपीआयनं अडकवून ठेवली जाते. कंपनीनं प्रस्ताव मान्य केला तरच ती कापली जाते, नाहीतर मोकळी होते. जास्तीत जास्त १४ दिवस अडकते. आजारपणामुळे प्रस्ताव मान्य होईल की नाही अशी शंका असेल तेव्हा हीच वाट धरा.

रोख तर मुळीच देऊ नका. जुन्या करपद्धतीत आरोग्य विम्याच्या प्रीमियमवर जी वजावट मिळते ती रोखीनं भरलेल्या प्रीमियमवर मिळत नाही. निपाणीतल्या व्यापाऱ्यांना हे त्यांचे सीए सांगतातच, पण वखारीतला हिशेब आणि घरातला हिशेब वेगवेगळ्या वहीत असतो.

प्रश्न : नूतनीकरणाच्या नोटिशीत या वेळी जीएसटी नाही, पण रक्कम जवळपास तेवढीच. हे कसं? (चिकोडी)

उत्तर : २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एक पॉलिसी) आणि ज्येष्ठांच्या पॉलिसी त्यात आल्या, नोकरीतल्या गटविम्यावर कर आहेच. तुमचा मूळ प्रीमियम वाढला असणार. गेल्या वर्षीच्या पावतीत कर सोडून असलेला आकडा काढा आणि यंदाच्या आकड्याशी ताडा. वयाचा टप्पा ओलांडला म्हणून वाढलाय की सगळ्यांचाच दर वाढलाय, हे कंपनीला लेखी विचारा.

प्रश्न : मी पुण्यात नोकरीला, आई-बाबा बेळगावात शहापूरला. त्यांची पॉलिसी मी माझ्या फोनवरून काढतोय. पत्ता पुण्याचा घालू की बेळगावचा? उपचार बहुधा मिरजेला होतील. एक नातेवाईक म्हणाले, कर्नाटकातली पॉलिसी महाराष्ट्रात चालत नाही. (पुणे, मूळ बेळगाव)

उत्तर : नातेवाइकांचा गोंधळ सरकारी योजनांच्या कार्डांवरून झालेला दिसतो. त्या कार्डांच्या दवाखान्यांच्या याद्या आणि मंजुऱ्या वेगळ्या असतात. विकत घेतलेल्या विम्याला राज्याची सीमा नाही. कोगनोळीचा नाका ओलांडला म्हणून पॉलिसी बदलत नाही.

पत्ता मात्र खरा घाला. ज्यांचा विमा आहे ते जिथं राहतात तो, म्हणजे शहापूरचा. प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी काढणारा, म्हणून तुमचा पुण्याचा पत्ता वेगळ्या रकान्यात जाईल. याला कारण आहे. बऱ्याच कंपन्या देशाचे विभाग पाडून प्रीमियम लावतात. मोठ्या शहरांचा विभाग महाग, बाकीचा स्वस्त. स्वस्त विभागाचा प्रीमियम भरून महाग विभागात उपचार घेतले तर काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक हिस्सा आपल्यावर येतो. बेळगावचा पत्ता देऊन आईला पुण्यात दाखल केलंत तर हे कलम उभं राहू शकतं. मिरज, सांगली, कोल्हापूर बहुधा बेळगावच्याच विभागात असतात, पण ‘बहुधा’वर पैसे भरू नका. विकत घेण्यापूर्वी विभागांचा तक्ता मागा. तुम्ही त्यांना पुण्यालाच आणणार असाल तर वरच्या विभागाचा प्रीमियम आताच भरता येतो का, तेही विचारा.

मिरजेचं म्हणाल, तर कंपनीच्या वेबसाइटवर कॅशलेस, म्हणजे बिल कंपनी परस्पर भरते अशा, दवाखान्यांची यादी पिनकोडनं निघते. ४१६४१० टाका, मग ५९०००१ टाका. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे का बघा. नसला तरी जानेवारी २०२४ पासून ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ म्हणून सोय आहे: किमान १५ खाटांचा नोंदणीकृत दवाखाना यादीत नसला तरी कॅशलेस मागता येतं. ठरवून करायच्या ऑपरेशनला ४८ तास आधी कळवायचं, अचानक दाखल केलं तर दाखल झाल्यापासून ४८ तासांत. कागदावर सोय चांगली आहे. प्रत्यक्षात दवाखान्यानं हो म्हणावं लागतं आणि लहान दवाखाने कंपनीकडून पैसे यायला उशीर लागतो म्हणून नको म्हणतात. तेव्हा आधी फोन करून विचारा आणि न जमलं तर आधी बिल भरून मग करायचा भरपाईचा दावा आहेच, त्यासाठी मूळ बिलं जपा.

केवायसीचं एक. १ जानेवारी २०२३ पासून कुठलाही विमा घेताना केवायसी सक्तीची आहे आणि ऑनलाइन व्यवहार तिथंच अडकतो. आपल्याकडे एका कागदावर शहराचं जुनं नाव, दुसऱ्यावर २०१४ नंतरचं नवं. त्यानं फारसं अडत नाही. अडतं ते माणसाच्या नावावर. आधारावर बाबांचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव, पॅनवर आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर. यंत्र दोन माणसं समजतं. फॉर्मवर पॅनप्रमाणे नाव टाका आणि जमलं तर आधार दुरुस्त करून घ्या. पॉलिसीवर एक नाव आणि दवाखान्याच्या नोंदवहीत दुसरं, हा घोळ दाव्याच्या वेळी फार छळतो.

प्रश्न : बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन कॅशलेसमध्ये झालं. डॉक्टरांनी सकाळी दहाला घरी जायला सांगितलं, आम्ही सुटलो रात्री साडेनऊला. वर अर्ध्या दिवसाचं खोलीभाडं लावलं. काउंटरवर म्हणत होते, “विम्याचं अप्रूव्हल यायचंय.” (बेळगाव)

उत्तर : हा प्रश्न चौघांनी विचारलाय, चारही वेगवेगळ्या दवाखान्यांतले. नियम तुमच्या बाजूनं आहे. २९ मे २०२४ च्या प्राधिकरणाच्या परिपत्रकाप्रमाणे दाखल होतानाच्या कॅशलेस मागणीवर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तासांपेक्षा उशीर झाला आणि त्यामुळे दवाखान्यानं जादा पैसे लावले, तर ते कंपनीनं सोसायचे, तेही भागधारकांच्या पैशातून. परिपत्रकात हे स्पष्ट लिहिलं आहे.

पण घड्याळ कधी सुरू होतं? दवाखान्याची मागणी कंपनीकडे पोचली की. डॉक्टरांनी “जा घरी” म्हटल्यापासून नाही. त्या दोन क्षणांच्या मधे काय होतं ते बघा. सिस्टर फाइल खाली पाठवते. न वापरलेली इंजेक्शनं औषध दुकानात परत जातात, त्यांची क्रेडिट नोट होते. लॅबचं बिल चढतं. डिस्चार्ज कार्ड टाइप होतं, डॉक्टर ओपीडीत असतात म्हणून सही राहते. मग सगळे कागद विमा काउंटरवर येतात आणि तिथला एकुलता एक मुलगा जेवायला गेलेला असतो. तो तीन वाजता अपलोड करतो. कंपनीचं उत्तर साडेपाचला येतं, त्यात एक प्रश्न असतो: ओटी नोट्स (ऑपरेशनची टिपणं) जोडा. दवाखाना त्या साडेसातला जोडतो. कंपनी म्हणणार आम्ही वेळेत उत्तर दिलं, दवाखाना म्हणणार विम्यामुळे उशीर झाला. दोघंही आपापल्या परीनं खरंच बोलतात आणि भाडं तुम्ही भरता.

म्हणून पुढच्या वेळी काउंटरवर भांडू नका, वेळ विचारा: “कंपनीला अंतिम बिल किती वाजता पाठवलं? तो पडदा मला दाखवा.” कंपनीच्या अ‍ॅपमध्ये दावा क्रमांकाखालीही वेळ दिसते, एसएमएसवरही येते. त्याचे स्क्रीनशॉट काढा. हे सगळं तुमच्या फोनवर यायला पॉलिसीत तुमचाच नंबर हवा, हुक्केरीच्या वाचकांना सांगितलं तेच. आताच्या प्रकरणात दवाखान्याला ईमेल करून कागद पाठवल्याची वेळ लेखी मागा. मागणी दुपारी गेलेली आणि मंजुरी रात्री आलेली निघाली, तर खोलीभाड्याची पावती जोडून कंपनीकडे ते पैसे मागा. मागणीच संध्याकाळी सातला गेली असेल तर भांडण दवाखान्याशी आहे, विम्याशी नाही.

याच परिपत्रकातली आणखी एक ओळ, जी कुणाला लागू नये: उपचारात रुग्ण दगावला तर कंपनीनं मंजुरीचं काम तातडीनं करून पार्थिव लगेच घरच्यांच्या ताब्यात मिळेल असं बघायचं आहे. “विम्याचं यायचंय” म्हणून कुणी थांबवलं तर हे सांगा.

प्रश्न : प्रीमियम बँकेतून आपोआप कापला जायचा. या वर्षी खात्यात पैसे कमी होते, कापला गेला नाही. तारीख उलटून १२ दिवस झाले. सगळं गेलं का? (संकेश्वर)

उत्तर : नाही. वार्षिक प्रीमियमला ३० दिवसांची सवलत असते, आजच भरा. भरलात की आधीच्या वर्षांचा प्रतीक्षा काळ, बोनस सगळं जागेवर राहतं. मात्र वार्षिक हप्त्यात या मधल्या दिवसांत दाखल व्हावं लागलं तर ते विम्यात येत नाही. दरमहा हप्ता भरणाऱ्यांना सवलत १५ दिवसांचीच, पण त्या दिवसांत संरक्षण चालू राहतं. आपोआप कपातीआधी किमान २४ तास सूचना यावी लागते. तुम्हाला ती आली नसेल तर बँकेत आणि पॉलिसीत कुठला नंबर आहे ते तपासा. हंगामाचा पैसा उशिरा येणाऱ्या घरांनी तर आपोआप कपातीवर विसंबूच नये. कारखान्याचं ऊसबिल कधी येईल हे बँकेच्या यंत्राला कळत नाही.

प्रश्न : “हैदराबादहून विमा प्राधिकरणातून बोलतोय, तुमच्या पॉलिसीचा ४० हजार बोनस अडकलाय, प्रोसेसिंग फी भरा,” असा फोन आला. पॉलिसी क्रमांकही बरोबर सांगितला. (अथणी)

उत्तर : प्राधिकरणाचं मुख्य कार्यालय हैदराबादला आहे, तेवढंच त्यात खरं. प्राधिकरण विमा विकत नाही, बोनस वाटत नाही आणि कुणाला फोन करून फी मागत नाही. क्रमांक बरोबर सांगितला म्हणजे तुमची माहिती कुठून तरी फुटलीय, एवढाच त्याचा अर्थ. पैसे गेले असतील तर पहिल्या तासाभरात १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा, जितकं लवकर तितकी रक्कम मधेच थांबवण्याची शक्यता जास्त. गेले नसतील तर नंबर ब्लॉक करून आपल्या कामाला लागा.

प्रश्न : पॉलिसी चाळीस पानांची, सगळी इंग्रजी. मी शिक्षिका असून मला कळत नाही, सासूबाईंना काय कळणार? मराठीत मिळते का? (खानापूर)

उत्तर : संपूर्ण पॉलिसी मराठीत मिळेल अशी आशा धरू नका. पण तिच्यासोबत ग्राहक माहिती पत्रक द्यावंच लागतं, जानेवारी २०२४ पासून ठरावीक नमुन्यात. काय मिळतं, काय मिळत नाही, प्रतीक्षा काळ किती, बिलातला आपला हिस्सा किती, तक्रार कुठे, हे सगळं त्यात थोडक्यात असतं. ग्राहकानं मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यायचं आहे. आता खानापुरात स्थानिक भाषा कोणती, यावर आपल्याकडे सत्तर वर्षं वाद चालू आहे, तो मी या सदरात आणत नाही. कंपनीचं मराठी पत्रक महाराष्ट्रासाठी तयार असतंच. ईमेलमध्ये “मराठी प्रत पाठवावी” एवढंच लिहा, पाठवतात. सासूबाईंना कन्नड वाचता येत असेल तर दोन्ही मागा. आणि हे पत्रक पैसे भरण्याआधी वाचा. बहुतेक जण ते दवाखान्याच्या बाकावर बसून पहिल्यांदा उघडतात.

प्रश्न : आईचा दावा नाकारला. एजंट म्हणतो, कोर्टात जावं लागेल, वकील बघून देतो. (रायबाग)

उत्तर : वकिलाची घाई करू नका. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचा पत्ता पॉलिसीत असतो, दोन आठवड्यांत उत्तर यायला हवं. जोडीला प्राधिकरणाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर नोंद करा किंवा १५५२५५ वर फोन करून तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. कर्नाटकासाठी कार्यालय बेंगळुरूला आहे. अर्ज ऑनलाइन होतो, सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात. तुमचा पत्ता ज्या लोकपालाच्या हद्दीत आहे तिथं जसं जाता येतं, तसंच कंपनीची शाखा ज्याच्या हद्दीत आहे तिथंही. पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतून असेल तर हे लक्षात ठेवा. कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. लोकपालाचा निवाडा कंपनीनं ३० दिवसांत पाळायचा असतो, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. ग्राहक आयोग त्यानंतरही आहे, पण दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही.

अर्जासोबत चार गोष्टी लावा: पॉलिसी, प्रस्ताव फॉर्म, डिस्चार्ज कार्ड आणि नकाराचं पत्र. एजंटाशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅप बोलणं असेल तर तेही. नकाराच्या पत्रात पॉलिसीचं नेमकं कोणतं कलम लागू केलं ते लिहिलेलं असायला हवं आणि दावा नाकारण्याआधी तो कंपनीच्या आढावा समितीपुढे जायला हवा. नुसतं “अटींप्रमाणे देय नाही” लिहिलं असेल तर त्यावरच तक्रार उभी राहते. तुम्ही नकाराचं पत्र पाठवलेलं नाही. ते आणि प्रस्ताव फॉर्मचं आजारांचं पान, दोन्ही सरळ फोटो काढून पाठवा, कलम बघून पुढच्या अंकात लिहिते.